दुसऱ्याच्या जेवणाचा ढेकर

जळगाव, १७ फेब्रुवारी १९७४

सायर,

तुझं पत्र परवा दुपारी आलं. मी ते शेगडीपाशी उभ्याउभ्याच वाचलं आणि भरताची वांगी एका अंगाने पार कोळसा झाली. तू धुळ्याचं घर सोडून मुंबईला लेकाकडे गेलीस त्याला दीड वर्ष झालं. तेवढ्यात तुझ्यापायी माझं नुकसान झालेलं हे काही पहिलं नाही.

तर सुरेशचंदने टीव्ही घेतला. चांगलं झालं. हे वाक्य लिहून पेन बराच वेळ तसंच धरून बसले, कारण 'चांगलं झालं'च्या पुढे काही सुचेना. खरं लिहू का? मला हेवा वाटला. भुसावळच्या शाळेत सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, मत्सर हे पाप आहे आणि कबूल केलं की हलकं होतं. मी चाळीस वर्षं कबूल करते आहे. वजन तेवढंच आहे.

तू म्हणशील, म्हातारपणी हे काय. पण तूच बघ. शाळेच्या नाटकात राणीचा मुकुट तुला मिळाला. सगळं नाटक पाठ मला, पण माझा आवाज घोगरा, म्हणून मला विंगेत वही घेऊन बसवलं, कुणी अडलं तर मागून वाक्य सांगायला. आणि तू अडलीसच. मी सांगितलं होतं, सायर, पण तेवढ्यात यार्डातलं इंजिन ओरडलं आणि ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही. मग तू मान वर करून, ऐटीत, मनाचंच बोललीस: "राणीला काही आठवावं लागत नाही. ते काम इतरांचं." पहिल्या रांगेतले रेल्वेचे साहेब टाळ्या वाजवत उठले. मी विंगेत वही मांडीवर घेऊन बसलेली. मॅट्रिक मी झाले, तुझं पंधराव्या वर्षी लग्न झालं, पण अजून कुणी शाळेतलं भेटलं की विचारतं, ती राणी कुठे असते?

आता राणीच्या घरात नाटक रोज चालून येणार. इथे कंपनी येते वर्षातून दोनदा. बाकी दहा महिने मी 'तापीकाठ' साप्ताहिकातलं माझं नाटकांचं सदर कशाने भरू? मागच्या आठवड्यात शाळेच्या स्नेहसंमेलनावर लिहिलं.

एक कर. शनिवारचं नाटक पाहशील ते मला सविस्तर कळवत जा. कोण काय बोललं, कोण कुठे उभं होतं, कुठे थांबले, कुठे हसू आलं. सहज. माझ्यासाठी.

तुझी कुंदा


जळगाव, २ जून १९७४

सायर,

रेल्वेच्या संपात तुझं पत्र अठरा दिवस कुठल्या थैलीत पडलं होतं कोण जाणे. आलं तेव्हा त्याला केरोसिनचा वास होता. वाचलं मात्र दोनदा.

त्या दोन भावांच्या नाटकाबद्दल तुझं-माझं जमणार नाही. थोरला भाऊ रडला तेव्हा तुला गहिवरून आलं म्हणतेस. मला वाटतं, टीव्हीवर रडणं सोपं झालं आहे. कॅमेरा नाकाशी येऊन बसतो. आपल्या नटांना पार मागच्या बाकापर्यंत दुःख पोचवावं लागायचं, त्यात त्यांचा कस लागायचा. इथे एक थेंब पुरतो. थेंबाला मी अभिनय म्हणणार नाही.

बहिऱ्या सासऱ्याच्या नाटकाला मुंबई लोटपोट झाली, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं, असं लिहिलंस. असेल. पण सासऱ्याला ऐकू येत नाही हा एकच विनोद चार वेळा केला, तर चौथ्या वेळी हसतो तो माणूस सवयीने हसतो. त्यापेक्षा सासऱ्याला सगळं ऐकू येतं आणि तो मुद्दाम बहिरा झाला आहे, असं असतं तर? मग मीही हसले असते, आणि घरी जाऊन गप्प बसले असते.

एक तक्रार आहे. तुझ्या पत्रांत बोलणं शब्दाला शब्द असतं, अगदी दारामागचा आवाजसुद्धा. पण कोण कसं उभं होतं ते कधीच नसतं. नायक उठून खिडकीपाशी गेला की दारापाशी, असं मी विचारलं, तर तू लिहितेस, 'गेला कुठेतरी.' नटीच्या साडीचा रंग विचारला तर 'करडा'. बरं, टीव्हीत सगळंच करडं असेल, पण काठ? पदर? एवढं समोर बसून तुझे डोळे कुठे असतात?

आमची भागाबाई धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "बाई, त्या पेटीमा बठ्ठा मानसं कसा मावतस?" सगळी माणसं पेटीत कशी मावतात ते मी मोठ्या तोऱ्यात समजावून सांगितलं. मग ती म्हणाली, "तुम्ही दखी का?" पाहिली का म्हणून. मी तिला वाळलेले कपडे आत न्यायला सांगितले.

हे हल्ली फैजपूरच्या मळ्यातून आले की माझ्या टेबलाकडे बघून म्हणतात, "झालं का? दिला का दुसऱ्याच्या जेवणाचा ढेकर?" असं का म्हणतात ते जाऊ दे. यांना केळीपलीकडे रुची नाही.

पुढचं पत्र लवकर पाठव. शनिवारचं सोमवारी टाकलंस तर मला गुरुवारी मिळतं आणि ते बरं पडतं.

तुझी कुंदा


जळगाव, १९ ऑगस्ट १९७४

सायर,

तुझं तीन ओळींचं कार्ड मिळालं. धुळ्याच्या तुझ्या पुतण्याला, नेमीचंदला, बसस्टँडवर 'तापीकाठ' सापडला आणि त्याने तो मुंबईला खरेदीला येताना तुला आणून दिला. पुतण्या कामाचा आहे.

'ऐकलं मी, लिहिलं मी, खाली नाव कुंदा भिरूड.' एवढंच लिहिलंस. उघड्या कार्डावर. पोस्टमनने वाचलं असणार, कारण देताना तो माझ्याकडे बघत होता.

हो, मी तुझ्या पत्रांवरून परीक्षणं लिहिली. अकरा. मी स्वतः पाहिलं असं कुठेही लिहिलेलं नाही. 'मुंबई टेलिव्हिजनवर नुकतंच सादर झालेलं' एवढंच असतं. वाचणारे काय समजायचं ते समजले. वाचनालयात बायका माझ्यासाठी खुर्ची सरकवतात, आणि चौपन्नाव्या वर्षी कुणी खुर्ची सरकवली तर मी नाही म्हणत नाही.

पण तुझं काय गेलं? तू कथानक कळवलंस. कथानक तर टीव्हीसमोर बसलेली तुझी शेजारीणही सांगेल. त्यात चांगलं काय, उसनं काय, खोटं काय, हे माझं होतं. नुसतं बघणं म्हणजे कळणं नव्हे. मुकुट घातला म्हणून कुणाला नाटक कळतं असंही नाही.

तुझ्याकडे लेक आहे, मुंबई आहे, टीव्ही आहे. माझ्याकडे आठवड्याला दीड कॉलम आहे. तोही तुला सलतो याचं नवल वाटलं.

कुंदा


जळगाव, १६ जानेवारी १९७५

सायर,

संक्रांतीच्या दिवशी तुझं पत्र यावं हे तू मुद्दाम साधलंस, मी ओळखते. पाच महिने मी रोज पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली आणि रोज स्वतःला सांगितलं की मी वाट बघत नाही. 'तापीकाठ'मध्ये माझ्या जागेवर कापसावरच्या बोंडअळीबद्दल येत होतं. जीवरामभाऊ संपादक सज्जन माणूस. म्हणाले, "अक्का, अळीला वाचक कमी नाहीत, पण पत्रं तुमच्याबद्दल येतात."

मी जे लिहिलं त्यातलं काही लिहायला नको होतं. कोणतं ते तुला ठाऊक आहे. सोबत तिळगूळ आहे. प्रवासात त्याची भुकटी झाली तर भुकटी खा.

यापुढे पत्रं मुंबईच्या कापडबाजारातल्या पेढीच्या पत्त्यावर टाक म्हणतेस, बिल्डिंगमध्ये टपाल हरवतं म्हणून, आणि खरेदीला आलेला नेमीचंद ती तिथून तुला पोचती करेल. ठीक आहे. तुम्हा व्यापारी लोकांचं सगळं पेढीवरूनच चालतं. नावाचंही तू मोठ्या मनाने लिहिलंस, 'तुझंच राहू दे, मला नाव घेऊन काय करायचंय.' मला ते आवडलं आणि लागलंही.

आता नाटक. मुलाच्या फ्लॅटमध्ये राहणारी आई. मुलगा टीव्ही घेतो, दर शनिवारी सगळा मजला बघायला येतो, आणि आई आत चहा करते. पंचवीस कप. भिंतीपलीकडून तिला नाटक नुसतं ऐकू येतं. शेवट तर कधीच कळत नाही, कारण शेवटाला कपबश्या गोळा करायच्या असतात. मग ती मनानेच शेवट जोडते आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारणींना तो सांगते, आणि त्या म्हणतात, "आजी, तुमचाच शेवट बरा होता." हे वाचून मी एकटीच मोठ्याने हसले.

तरी माझं मत लिहिते, कारण सोमवारी तेच छापायला जाईल. विनोद चांगला आहे, पण पाया खोटा आहे. असा मुलगा नसतो. पंचवीस माणसं बसतात त्या खोलीत आईला एक पाट टाकायला जागा होत नाही? सून एकदाही म्हणत नाही, की आई, आज मी करते? लेखकाने हसू यावं म्हणून आईला स्वयंपाकघरात कोंडलं आहे. त्याला घर ठाऊक नाही.

पत्र मात्र तू कधी नव्हे इतकं छान लिहिलंस. या वेळी सगळं दिसतं. कान तुटलेला कप ती स्वतःसाठी ठेवते ते, भिंतीला टेकून उभी राहते तिथे रंग गेलेला आहे ते. मी विचारलंही नव्हतं. तू इतकं बघायला कधी शिकलीस? टेबलावर कोपरं टेकवून वाचत होते, सिस्टर असत्या तर पट्टी बसली असती.

तुझी कुंदा


जळगाव, ३० मार्च १९७५

सायर,

मागच्या आठवड्यात वाचनालयात तुझं ते ट्रंकेचं नाटक मी बायकांना सांगितलं. सांगताना दोघींनी डोळ्यांना पदर लावला. परीक्षण छापून आल्यावर यावलच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं, की असं नाटक दाखवतात तर टीव्ही आमच्याकडे कधी येणार? जीवरामभाऊंनी ते चौकटीत छापलं.

मी तुझ्या पत्राचं ते पान वेगळं काढून ठेवलं आहे. म्हातारी मुंबईहून सासरच्या गावी परत येते. दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या गाठींच्या आडोशाला तिची खाट. जाऊ रोज विचारते, "मग, कधी निघणार?" आणि ती रोज म्हणते, "उद्या." ट्रंक भरलेली, कुलूप लावलेलं. लुगडं हवं असलं की कुलूप काढते, लुगडं घेते, परत कुलूप. चार महिने. तो जावेचा टोमणा किती खरा आहे: "मुंबईचं पाणी प्यालेल्यांना आमची विहीर खारट लागत असेल." आणि शेवटी एक दिवस ती ट्रंक उघडते, एकेक लुगडं झटकते आणि खुंटीवर टांगते. बस. पडदा.

खुंटीवरची लुगडी मला दोन दिवस दिसत होती. मी इथे केळफुलं सोलत बसले आणि तू तिथे त्या नाटकासमोर बसलीस. नशीब कसं वाटलं जातं बघ. ते मी बघायला हवं होतं, तू नव्हे. मला त्याचं मोल जास्त कळलं असतं. वाईट वाटून घेऊ नकोस, हेवा असाच बोलतो.

पण एका गोष्टीवर मी लेखकाला सोडलं नाही आणि तू रागावलीस तरी सोडणार नाही. एवढी बोलकी, विनोदी बाई. तिला त्या गावात, आसपासच्या गावात, एकही मैत्रीण नसावी? जिच्याकडे जाऊन ती म्हणेल, की मी परत आले? शाळेतली, माहेरची, कुणीतरी असतेच. लेखकाने आपल्या सोयीसाठी तिला एकटं पाडलं. 'हे पटत नाही' असं मी स्पष्ट लिहिलं आहे.

तुला काय वाटलं ते कळव. यावर तू काहीच लिहिलेलं नाहीस.

तुझी कुंदा


जळगाव, १२ मे १९७५

सायर,

हे पत्र मिळेल त्या क्षणी उत्तर टाक.

मूळचे यावलचे आणि आता मुंबईत राहणारे कुणी अभिमन इंगळे आहेत. त्यांच्याकडे टीव्ही पहिल्या महिन्यापासून आहे आणि दर शनिवारचं नाटक ते वहीत टिपून ठेवतात. त्यांनी 'तापीकाठ'ला लिहिलं आहे, की चहाच्या कपांचं आणि ट्रंकेचं, अशी दोन्ही नाटकं टीव्हीवर झालेलीच नाहीत. खाली विचारलं आहे: 'परीक्षक बाईंनी टीव्ही कधी पाहिला आहे काय?'

जीवरामभाऊ आज सकाळी येऊन बसले. चहा घेतला, पण बशीत ओतून तसाच ठेवला.

"अक्का, मी पुरावा मागत नाही. वाचक मागताहेत."

"नाटकं झाली आहेत," मी म्हटलं. "इंगळ्यांनी शनिवार चुकवला असेल."

"दोन्ही?"

हे झोपाळ्यावरून म्हणाले, "भाऊ, वांगं किडकं निघालं तर शेतकऱ्याला विचारा. हिने फक्त चव सांगितली."

भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "सोमवारी अंक छपाईला जातो. तोवर लेखकाचं नाव, नटांची नावं, तारीख, काहीतरी द्या. नाही मिळालं तर ते पत्र मला छापावं लागेल, आणि मग सदर चालवता येणार नाही. साप्ताहिक लहान आहे, अक्का. त्याच्याजवळ अब्रूशिवाय काही नाही."

माझ्याजवळ तरी काय आहे? मी पेटाऱ्यात काय ठेवलं आहे माहीत आहे? टीव्हीच्या जाहिरातीचं कात्रण. टीव्ही मी तेवढाच पाहिला आहे. वाचनालयातली खुर्ची, जीवरामभाऊंचं 'अक्का', रस्त्यात थांबवून 'या शनिवारी काय?' विचारणारे लोक. हे सगळं तुझ्या दोन पत्रांवर उभं आहे.

नावं कळव. तारखा कळव. उलट टपाली.

कुंदा


जळगाव, १७ मे १९७५

सायर,

तुझं पत्र आत्ता मिळालं. शिक्का धुळ्याचा आहे.

पाच महिने तू धुळ्याला आहेस. एस.टी. पारोळ्यावरून तीन तासांत येते.

मी ट्रंकेच्या नाटकाबद्दल जे लिहिलं ते तू तिथे बसून वाचलंस.

आज याहून जास्त लिहिता येत नाही.

कुंदा


जळगाव, २० मे १९७५

सायर,

आता लिहिते.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं, की घडीवर फाटलं. म्हणून त्यातलं मुख्य ते इथे उतरवून ठेवते, माझ्या अक्षरात तरी राहील. 'कुंदे, नाटकं झाली नाहीत. मी डिसेंबरातच परत आले. त्याआधीचीही मी पाहिलेली नाहीत, ऐकली. खोलीत जागा नसायची आणि चहा माझ्याकडे असायचा. सुरेशचंद वाईट नाही, त्याच्या लक्षात आलं नाही एवढंच. नेमीचंदला मी शपथ घातली होती, पत्रं मुंबईत टाकायची. आज तो परत मुंबईला जाईपर्यंत थांबले तर तुला उशीर होईल, म्हणून इथल्याच पेटीत टाकते. छाप, की मैत्रिणीने फसवलं. मला इथे कोण ओळखतं? तुझ्या पत्रांत इतका हेवा असायचा, की परत आले हे लिहायचं धाडस झालं नाही. तू हेवा करत होतीस तोवर मी मुंबईत होते.'

सायर, मी आधी काय केलं ते सांगते, कारण तू दुसऱ्या कुणाकडून ऐकशील. जीवरामभाऊंना तुझं म्हणणं सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. "हे बरं झालं. चार ओळींची दिलगिरी द्या, मुंबईच्या परिचित बाईंकडून चुकीची माहिती मिळाली, म्हणून. सदर बचावलं." मी लिहिलं. 'परिचित बाई' असंच लिहिलं. चांगलं झालं होतं. स्वच्छ, सभ्य, कुणालाही पटेल असं. शनिवारी संध्याकाळी ते टेबलावर वाळत ठेवलं आणि मला फार सुटल्यासारखं वाटलं.

मग जेवताना मला ते इंजिन आठवलं.

सायर, इंजिन ओरडलं नव्हतं. यार्ड त्या वेळी शांत होतं. तू अडलीस, विंगेकडे पाहिलंस, आणि वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ते धरून ठेवलं. मुकुट तुझ्या डोक्यावर होता आणि मला वाटलं, जरा होऊ दे हिची फजिती. मी चाळीस वर्षं सगळ्यांना इंजिनाची गोष्ट सांगितली, अगदी तुलासुद्धा. आणि तू तर फजीत झालीच नाहीस. तू मनाचं बोललीस आणि ते नाटकातल्या वाक्याहून चांगलं होतं. मला राग त्याचाच होता. तुझं विसरणंसुद्धा माझ्या पाठांतरापेक्षा वरचढ निघालं.

टेबलावरच्या चार ओळी म्हणजे तेच होतं. तू परत एकदा विंगेकडे पाहिलं होतंस.

रविवारी मी दुसरं लिहिलं आणि स्वतः छापखान्यात नेऊन दिलं. अंक आज निघाला. तो मी टपालाने पाठवणार नाही, हातानेच देईन. पण एवढं इथे उतरवते:

'या सदराच्या लेखिकेने आजपर्यंत टेलिव्हिजन पाहिलेला नाही. आजवरची परीक्षणं एका मैत्रिणीच्या पत्रांवरून लिहिली, आणि तसं सांगितलं नाही, ही चूक लेखिकेची. श्री. इंगळे यांचं बरोबर आहे; शेवटची दोन नाटकं कुठेही झालेली नाहीत. ती त्या मैत्रिणीने रचली. ती धुळ्याला राहते. तिच्या परवानगीशिवाय तिचं नाव देत नाही. पहिल्या नाटकाबद्दल मी लिहिलं होतं, की असा मुलगा नसतो. ते मत मागे घेते. दुसऱ्याबद्दल लिहिलं होतं, की अशा बाईला एकही मैत्रीण नसावी हे पटत नाही. तेही मागे घेते. पटतं.'

जीवरामभाऊंनी ते उभ्याने वाचलं. "अक्का, हे छापलं तर सदर गेलं."

"गेलं," मी म्हटलं.

"ते 'परिचित बाई' बरं होतं."

"ते फारच बरं होतं, भाऊ."

त्यांनी खिळे जुळवणाऱ्याला बोलावून कागद दिला. निघताना म्हणाले, "ती दोन नाटकं कुणी बसवायला मागितली, तर पत्ता काय सांगू?" मी म्हटलं, तिला विचारून सांगते. तेव्हा हे तुला विचारणं झालं.

घरी हे म्हणाले, "मग आता ढेकर बंद?" म्हटलं, बंद. थोड्या वेळाने म्हणाले, "जेवून घे मग." आणि मला वाढून दिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, यांना वाढता येतं हे मला माहीत नव्हतं. भागाबाईला सगळं कळलं आहे, कसं ते विचारू नकोस. ती म्हणते, "बाई, तुमन्या मैत्रिणीनं त्या पेटीमा मानसं घालात आन् तुम्ही ती दखी बी नही." घालणारी तू, न बघणारी मी. याहून नेमकं परीक्षण मला जमलं नसतं.

वाचनालयात मी काल गेले नाही. गेले तर खुर्ची सरकवतील की नाही ते माहीत नाही. तेवढं धैर्य अजून गोळा करायचं आहे.

आता तुझ्या त्या वाक्याबद्दल. मी हेवा करत होते तोवर तू मुंबईत होतीस. मी ते दोन दिवस मनात फिरवलं. तुला वाटत असेल, की आता तू गाठींच्या आडोशाला झोपतेस हे कळल्यावर माझा हेवा संपला आणि त्याच्या जागी कीव आली. तसं झालेलं नाही. कीव करायला मी बसले होते, पण मधेच कान तुटलेला कप आठवला. तो मला कधी सुचला नसता, सायर. खुंटीवरची लुगडी सुचली नसती. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाटकांत कुठे काय चुकलं ते सांगत आले, आणि तू एका खाटेवर बसून दोन नाटकं केलीस, तीही अशी, की मला खरी वाटली आणि तरी मी त्यांना खोटं म्हणाले. मला आज तुझा जेवढा हेवा वाटतो तेवढा मुकुटाच्या दिवशीही वाटला नव्हता. तेव्हा तू जिथे आहेस तिथे निर्धास्त राहा.

परवा गुरुवारी पहिल्या एस.टी.ने निघते. साडेनऊपर्यंत पोचेन. नेमीचंदला स्टँडवर पाठवू नकोस, मी दुकान विचारत येईन. झमकूबाईंनी, तुझ्या जाऊबाईंनी, 'कधी निघणार' असं मला विचारलं तर मीही 'उद्या' म्हणेन, सांगून ठेव. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन येते आहे, तुम्हा लोकांना चालतं तसं, कांदा-लसूण न घालता. वांगी या वेळी करपणार नाहीत, वाचायला काही नाही.

तिसरं नाटक सुरू केलं असशील तर मला वाचून दाखव. मी भिंतीशी पाट टाकून बसेन. तू कुठे अडलीस तर वाक्य सांगेन, पण लगेच नाही. जरा थांबेन. तू मनाचं काय बोलतेस ते मला ऐकायचं आहे.

विंगेतली,
कुंदा